अनोळखी धरणावर शिंगाळा शोधताय? या चुका टाळा

धरण वरून तळ्यासारखं दिसतं, पण शिंगाळा आणि शिवडा हे मासे त्यात अजूनही बुडालेल्या नदीचं जुनं पात्रच धरून असतात. नवख्या पाण्यावर रात्र कोरडी गेली की आधी आमिषाला दोष दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा गळ जुन्या पात्रापासून दोनशे मीटर लांब, सपाट चिखलात पडलेला असतो. भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर (भिंतीमागे साठलेल्या पाण्यावर) हे फार स्पष्ट दिसतं, म्हणून पुढची उदाहरणं तिथली आहेत.

दुसऱ्याचं लोकेशन घेऊन निघणं

उजनीचा उपयुक्त साठा शून्य टक्के असतो तेव्हा पाण्याची पातळी ४९१.०३ मीटर असते आणि शंभर टक्क्यांना ४९६.८३. म्हणजे शून्य ते शंभर हा सगळा खेळ जेमतेम सहा मीटर उंचीचा. पण काठ उथळ असल्याने तेवढ्यात पाणी आडवं खूप लांब सरकतं. ऑक्टोबरात जिथे चार मीटर पाण्यात मासा लागला, तिथे मे महिन्यात गाळपेरीचं (उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं) पीक उभं असतं. म्हणून कुणी जागा सांगितली तर तारीख आणि त्या दिवशीची पातळीही विचारा. आजची पातळी त्यातून वजा केली की त्या जागेवर पाणी किती उतरलं ते कळतं.

पातळी चढतेय की उतरतेय, हे त्याहून महत्त्वाचं. पावसाळ्यात वरच्या अंगाला दौंडहून येणारा पाण्याचा विसर्ग वाढला की एक-दोन दिवसांत फुगवटा चढू लागतो. नव्याने बुडालेल्या गवतात आणि मक्याच्या धसकटांत गांडुळं-किडे मिळतात, मग मासा काठाला मीटर-दीड मीटर पाण्यातही येतो. उतरत्या पाण्यात तोच मासा काठ सोडून पात्राकडे सरकतो. लोक नेमकं उलटं करतात: चढत्या पाण्यात लांब फेकतात आणि उतरत्या पाण्यात काठाला चिकटून बसतात.

‘सगळ्यांत खोल तिथे सगळ्यांत मोठा’

हा समज उन्हाळ्यात हमखास फसवतो. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी येतं, शेवाळ माजतं, मेलं की तळाशी कुजतं आणि तिथला प्राणवायू संपवतं. वरचं गरम पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे खोल डोहाच्या तळाशी मासा टिकत नाही. ओळखायला यंत्र लागत नाही. गळ बुडवायला वजन म्हणून बांधलेलं शिसं ओढून वर काढा. त्याला काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ चिकटला असेल तर तिथे वेळ घालवू नका. तीन ते आठ मीटरच्या पट्ट्यात, जिकडे वारा लागतो त्या बाजूला शोधा. भिंतीजवळचा खोल भाग तसाही विसरा, तिथे मासेमारीला मनाई असते.

घरून तयारी न करणं

गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रह छायाचित्रं पाहायची सोय आहे. धरण तळाला गेलेल्या वर्षाचा मे महिना उघडा. उजनीसाठी २०१९ आणि २०२४ हे दोन उन्हाळे उत्तम, कारण साठा शून्य टक्क्यांच्याही बराच खाली, म्हणजे उणेत गेला होता. उघड्या पडलेल्या पात्रावर खुणा करा: वळणाची बाहेरची बाजू, ओढा येऊन मिळतो ती जागा, बुडालेल्या विहिरी, बांध, जुने रस्ते. उन्हाळ्यात वर येणारं पळसदेवचं मंदिर सगळ्यांना माहीत असतं. पण मासा धरून ठेवायला एखादा साधा दगडी बांधही पुरतो, आणि तिथे गर्दी नसते.

तळ न तपासता गळ टाकणं

पहिला अर्धा तास गळ लावूच नका. तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) नुसतं पन्नास ग्रॅमचं शिसं बांधा. आधी माहीत असलेल्या दोन मीटर पाण्यात ते तळाला जायला किती वेळ घेतं ते मोजा. मग पंख्यासारखं डावीकडून उजवीकडे फेकत जा. प्रत्येक फेकीला शिसं पाण्यात पडलं की आकडे मोजायचे, तंगूस ढिलं पडलं की थांबायचं. शेजारच्या दोन फेकींत मोजणी तीनवरून सहावर गेली तर मध्ये पात्राची कड आहे.

मग शिसं हळू ओढा. जड, लोण्यासारखं सरकलं तर गाळ. काठीत बारीक टकटक जाणवली तर मुरूम किंवा खडी. अडकून सुटलं तर खुंट किंवा बांध. शिंगाळ्यासाठी टकटक वाजणारी कड धरा, आणि आमिष पात्राच्या तळात नाही, कडेच्या वरच्या अंगाला ठेवा. अंधार पडला की मासा तिथूनच वर चरायला येतो.

दोन काठ्या असतील तर दोन वेगळ्या खोलींवर लावा. पाऊण तासात टोच (माशाने आमिष ओढल्याचा झटका) नाही, तर जागा बदला.

टोच येते, पण मासा लागत नाही

आमिष साफ होऊन येत असेल तर खाली खेकडे किंवा चिलापी, बारकी शिंगटी असे छोटे मासे आहेत. गांडुळाऐवजी चिलापीचा कातडीसकट तुकडा लावा आणि गळापासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर थर्माकोलचा तुकडा ओवून आमिष तळापासून उचला.

काठी वाकून लगेच सैल होत असेल तर शिसं तंगुसावर मोकळं सरकत नसेल. शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि पुढे अर्धा मीटर लीडर (गळ बांधायचा तंगुसाचा वेगळा तुकडा), हाच क्रम ठेवा. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका देऊ नका, तंगूस ताणलं जाऊ द्या आणि रीळ फिरवा.

तंगूस तुटून येतं तेव्हा टोक बघा. खरवडल्यासारखं असेल तर शिवडा होता. त्याच्या रुंद जबड्यातले बारीक दात कानशीसारखे घासतात. लीडर ०.६० ते ०.७० मिलिमीटरचा लावा.

शिंगाळा हातात घेताना मात्र जपा. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे तो ताठ करतो आणि छातीचे काटे करवतीसारखे असतात. खालच्या ओठाला पक्कड लावून धरा. पावसाच्या सुमारास तो तळात खड्डा करून अंडी घालतो आणि राखण करतो, तेव्हा मोठा मासा सोडलेला बरा.

पाण्याबाहेरच्या चुका

जलाशयाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. परवानगी आधी घ्या आणि जाळ्यांच्या तरंगत्या खुणांपासून लांब फेका. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग दाटले तर होडीत बसू नका. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जण बुडाले होते.

आफ्रिकन मांगूर हा परदेशी मासा लागला तर परत पाण्यात सोडू नका, जिवंत आमिष म्हणून दुसऱ्या धरणावरही नेऊ नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. हवेतून श्वास घेत असल्याने तो ओल्या पोत्यातही बराच वेळ तग धरतो, म्हणून मेला असं समजून काठावर टाकून जाऊ नका.