घरच्या संगणकासाठी कर्मचारी कर्ज : योजना आखताना

कर्मचाऱ्यांना घरी संगणक घेण्यासाठी कर्ज द्यायचे ठरले की बैठकीतला बराचसा वेळ व्याजदरावर जातो. योजना अडते ती मात्र पगारकपातीच्या संमतिपत्रावर आणि नोकरी सोडतानाच्या वसुलीवर. म्हणून कामाला तिथूनच हात घालावा.

संमतिपत्रात कर्जाची रक्कम, हप्ता आणि पहिल्या-शेवटच्या हप्त्याचा महिना आकड्यांत लिहा. ‘योग्य ती कपात करावी’ असले मोघम वाक्य वादात टिकत नाही. नोकरी सुटल्यास उरलेली बाकी अंतिम हिशेबातून एकरकमी वळती होईल, तेवढ्याने भागले नाही तर उरलेले पैसे किती दिवसांत भरायचे, यासाठी स्वतंत्र कलम आणि त्याखाली वेगळी सही घ्या. अंतिम हिशेबातल्या कोणत्या रकमांना हात लावता येतो हे आधी कायदेसल्लागाराकडून तपासून घ्या; निवृत्तीच्या निधीतून मालकाने परस्पर वसुली करायला अनेक देशांत मनाई आहे. बिनपगारी रजेवर कोणी गेले तर तेवढे हप्ते शेवटी जोडावेत. परतल्यावर दोन हप्ते एकदम कापायला गेले की कपातीची कायदेशीर मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

मुदत 24 महिन्यांची पुरे, फार तर 36. संगणक जुना होऊन दुसरा घ्यायची वेळ आली आणि पहिल्याचे हप्ते चालूच, अशी पाळी येऊ नये. प्रोबेशन संपलेल्यांनाच कर्ज द्या. कंत्राट किंवा निवृत्ती जवळ असेल तर उरलेल्या महिन्यांत फिटेल एवढेच द्या. पात्रता ठरवताना मूळ पगार पाहू नका, हातात पडणारा पगार पाहा. पगारातून कापले जाणारे आधीच्या कर्जांचे हप्ते त्यातून वजा झालेले असतात.

आता व्याज. 50,000 चे कर्ज, 24 महिने, दर साल दर शेकडा 6. सरळ पद्धतीने पूर्ण रकमेवर आकारले तर 6,000 व्याज होते. दरमहा सारखे मुद्दल फेडून घटत्या शिलकीवर आकारले तर फक्त 3,125. दर तोच, पण बोजा जवळपास दुप्पट. त्यामुळे पद्धत कोणती हे नियमात लिहिलेच पाहिजे. लहान कंपनीने सरळ बिनव्याजी कर्ज द्यावे. व्याजाच्या नोंदी ठेवण्याचा व्याप हाती येणाऱ्या रकमेपेक्षा मोठा होतो. मात्र सवलतीच्या व्याजाचा फायदा काही देशांत कर्मचाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर कर लागतो, ते अर्जाच्या वेळीच सांगा.

करसवलतीवरच योजना उभी करण्यात धोका आहे. ब्रिटनमध्ये 1999 साली मालकाने घरी वापरायला दिलेल्या संगणकांवर करसूट मिळाली, त्याभोवती योजना उभ्या राहिल्या आणि एप्रिल 2006 पासून नव्या संगणकांसाठी ती सूट बंद झाली. तिथे संगणक कंपनीच्या मालकीचा राहून भाड्याने दिला जाई. कर्जात तो पहिल्या दिवसापासून कर्मचाऱ्याचा असतो, म्हणून दुरुस्ती त्याची, विमाही त्याचा. यंत्र चोरीला गेले तरी हप्ते चालूच राहतात, हे करारात स्पष्ट असू द्या. त्याच कारणाने कंपनीच्या परवान्याचे सॉफ्टवेअर त्यावर टाकून देऊ नका.

पैसे शक्यतो विक्रेत्याच्या नावे द्या. अर्जासोबत कोटेशन घ्या. संगणक, मॉनिटर, प्रिंटर, सॉफ्टवेअर यांपैकी कर्जात काय बसते ते नियमात नावानिशी असावे. शाई आणि कागद वगळा. कर्मचाऱ्याच्याच खात्यावर रक्कम द्यावी लागली तर 30 दिवसांत बिल हवे. ते त्याच्या नावाचे आणि यंत्राचा सिरीयल नंबर असलेले. बिल कमी रकमेचे निघाले तर फरक लगेच परत घेऊन हप्ता नव्याने बसवा. हे राहून गेले की संगणकाच्या नावाखाली रोख उचल सुरू होते.

हिशेबात ही रक्कम खर्च नव्हे, येणे आहे. प्रत्येकाचे वेगळे खाते उघडा आणि पगाराच्या यादीतली कपात दरमहा त्याच्याशी जुळवा. 50,000 ला 24 ने भागले की 2,083.33 येतात. बिनव्याजी कर्ज असेल तर हप्ता 2,084 धरा. 23 हप्त्यांत 47,932 वसूल होतात आणि शेवटचा हप्ता 2,068 चा राहतो. पगाराच्या प्रणालीत नुसता मासिक आकडा भरला तर पंचविसाव्या महिन्यातही कपात होते. त्यामुळे एकूण रक्कम आणि शेवटचा महिना दोन्ही भरून ठेवा, आणि बाकी शून्य झाली की त्याच पगारासोबत कर्जफेडीचे पत्र द्या.