परदेशातल्या ख्रिस्ती शाळेत शिकवायला जाताय? सोलापूरहून निघण्याआधीची आणि पोचल्यानंतरची तयारी

‘ख्रिस्ती शाळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंट येतं. सिस्टर, शिस्त, नाताळची सुट्टी, आणि वर्गात बहुतेक मुलं हिंदू-मुसलमान. परदेशात हा अंदाज दर वेळी खरा ठरत नाही. म्हणून पगार किती, हे विचारण्याच्याही आधी एक गोष्ट विचारायची.

शाळा कोणत्या अर्थाने ख्रिस्ती आहे?

आखातातल्या कॅथलिक शाळा पुष्कळशा आपल्या कॉन्व्हेंटसारख्याच असतात. दुबईतलं सेंट मेरीज १९६८ पासून चालू आहे आणि तिथे अनेक धर्मांची मुलं शिकतात. इंग्लंडमधल्या चर्चच्या शाळांपैकी बहुतेकांचा खर्च सरकार करतं. तरी ‘व्हॉलंटरी एडेड’ (सरकारी खर्चाची, पण शिक्षक नेमण्यात चर्चचा शब्द चालणारी) प्रकारच्या शाळेत शिक्षक नेमताना श्रद्धेचा विचार होऊ शकतो. अमेरिकी वळणाच्या इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर बायबलनिष्ठ प्रॉटेस्टंट शाळांचा प्रकार वेगळा. तिथे करारासोबत बऱ्याचदा ‘स्टेटमेंट ऑफ फेथ’ येतं. आपण अमुक मानतो, अशी त्यावर सही करायची असते. दारू, लग्नाशिवाय एकत्र राहणं अशा खासगी वागणुकीच्या अटीही असतात.

मुलाखतीत सरळ विचारा. कशावर सही करावी लागेल? प्रार्थनेला नुसतं हजर राहायचं की ती घ्यायचीही? रविवारी काही काम असतं का? मानत नसाल तर सही करू नका. नोकरीसाठी खोटी सही केली की मग रोज स्टाफरूममध्ये नाटक करावं लागतं.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर पाळकांचं किंवा फादरचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला आधीच काढून ठेवा. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनच्या काळापासून सोलापुरात असलेल्या घरांतल्या शिक्षकांनाही कॅथलिक शाळेत थोडं अडखळायला होतं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणताना प्रॉटेस्टंट माणूस ‘कारण राज्य, पराक्रम...’ असं पुढे म्हणत राहतो आणि बाकीची असेंब्ली ‘आमेन’ म्हणून थांबलेली असते.

कागद: नावापासून सुरुवात करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंची पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा. परदेशातल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. विवाहाचा दाखला, लागल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र एकाच फायलीत ठेवा. दहावीपासून बीएडपर्यंतचे सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. माझ्या वडिलांच्या नावात एका कागदावर एक ‘ए’ जास्त होता. त्यापायी दोन महिने गेले.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं. त्याआधीची पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे पडताळणीसाठी कोल्हापूर. प्रोव्हिजनल चालत नाही, दीक्षान्त समारंभाचं पदवी प्रमाणपत्रच काढा. मग राज्य सरकारची पडताळणी, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एकमेकांचे कागद मानण्याच्या हेग करारातल्या देशांना अपॉस्टील, म्हणजे मंत्रालयाचा हा एकच शिक्का पुरतो. ओमान, बहारीन त्यात आहेत. अमिराती नाहीत, म्हणून तिथे वकिलातीचाही शिक्का लागतो. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. राज्य पातळीच्या कामासाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठायची तयारी ठेवा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्टच्याच पोर्टलवरून मिळतं. मुलांसोबत काम असल्यामुळे ते बहुतेक ठिकाणी मागतात. इंग्लंडला जायचं असेल तर ‘क्यूटीएस’ची (क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे तिथली शिक्षक म्हणून मान्यता) माहिती काढा. २०२३ पासून भारतातले गणित, विज्ञान आणि भाषांचे शिक्षक थेट अर्ज करू शकतात. ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण असावं लागतं.

एजंट आणि राजीनामा

एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. ‘व्हिजिट व्हिसावर या, बाकीचं इथे आल्यावर करू’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. माझ्या ओळखीचे एक सर असेच गेले आणि तीन महिन्यांनी हात हलवत परत आले.

कराराची सही झालेली प्रत हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नका. खासगी शाळांच्या सेवाशर्तींनुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कायम नसलेल्याला एक महिन्याची. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश-अमेरिकी अभ्यासक्रमाच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्याप्रमाणे मागे मोजा. निघण्याआधी बँकेत जाऊन बचत खात्याचं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं खातं) कसं करायचं, तेही विचारून घ्या.

बॅग भरताना

शेंगाचटणी न्या, कडक भाकरी न्या, चादर तर नेणारच. पण अमिरातीत किंवा सिंगापूरला जात असाल तर खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थात मोडते आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. आईने बांधून दिलेल्या काळ्या मसाल्यात खसखस असते, अनारशांवर तर वरूनच लावलेली असते. डबा उघडून विचारा. आई रागावली तरी चालेल.

पहिले काही आठवडे

मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला बसावं लागलं तर बाकीचे उभे राहतील तेव्हा उभे राहा. बाकी गप्प बसलं तरी कुणाला खटकत नाही. कम्युनियन (मिस्सात वाटली जाणारी पवित्र भाकर) मात्र कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचं नसतं. रांग पुढे सरकली तरी आपण जागेवर बसून राहायचं.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो: २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार. पंचांग बघणाऱ्या माणसाला हे पटकन समजतं. त्याआधीच्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मुलं कपाळावर राख लावून येतात. पहिल्या वर्षी मी एका मुलाला म्हणालो, “जा, तोंड धुऊन ये.” विभूती लावलेल्या माणसांच्या गावात वाढलेल्या मला हे कळायला हवं होतं. त्याच्या आईची मी माफी मागितली.

मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही, लाडाचा धपाटासुद्धा नाही. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं ठेवून. मुलांचे फोटो आपल्या मोबाइलवर नकोत, व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं नकोत. बालसंरक्षणाचं धोरण पहिल्याच आठवड्यात सही करायला देतात. ते खरोखर वाचा.

असेंब्लीत बोलायची पाळी येतेच. बायबल येत नाही म्हणून घाबरू नका, सेवेची गोष्ट चालते. माझी ठरलेली गोष्ट डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. सोलापुरात जन्म, १९३८ साली चीनला प्रयाण, जखमी सैनिकांवर उपचार, आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच मृत्यू. मुलं शांत बसून ऐकतात.

तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू एकाच गल्लीत ऐकत मोठं झाल्याचा वर्गात फायदा होतो. दहा देशांची मुलं समोर असली तरी कुणाचं इंग्रजी कुठल्या भाषेतून येतंय, हे आपल्या कानाला लवकर उमगतं.

एक गोष्ट घरी आधीच सांगून ठेवा. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणं जमणार नाही, कारण नाताळच्या सुट्टीनंतर शाळा नुकतीच सुरू झालेली असते. तिकीट जुलै-ऑगस्टचंच काढा.