खडीखालचा फिल्टर: धुण्याआधी थांबा

माशांच्या काचेच्या टाकीत तळाला जाळीची प्लेट, वर खडी आणि कोपऱ्यातल्या नळीतून बुडबुडे. हा अंडरग्रॅव्हल फिल्टर स्वस्त आणि साधा, पण खरं तर पाणी साफ होतं ते प्लेटमुळे नाही, खडीमुळे. बुडबुड्यांबरोबर नळीतून पाणी वर चढतं, त्यामुळे टाकीतलं पाणी खडीतून खाली ओढलं जातं. खडीवर वाढलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र मुख्यतः पाणी बदलूनच जातं.

म्हणून सगळी खडी बाहेर काढून नळाखाली घासू नका. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि दोन-चार दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. (मीही हे एकदा हौसेने केलंय.) दर पंधरवड्याला पाणी बदलताना सायफन नळी खडीत खुपसून गाळ ओढून घ्या, एका वेळी अर्धाच भाग.

खडी ३ ते ५ मिमीची, थर ५ ते ७ सेंमी. बारीक वाळू प्लेटच्या फटीत अडकते. नव्या टाकीत जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे मोजकेच.

एअर पंप रात्रीही चालू ठेवा, आणि तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं.

खडी उकरणारे ऑस्करसारखे मासे असतील, तर हा फिल्टर घेऊच नका.