गुंतलेला सामाजिक प्रश्न सोडवायला घेताना

पहिल्याच बैठकीत कुणीतरी ठासून सांगतं, "मूळ कारण एकच आहे." अशा वेळी मी त्याच माणसाच्या हाती खडू देते. 'मुलं शाळा सोडतात' असं फळ्याच्या मधोमध लिहायचं आणि ज्याला जे कारण दिसतं ते त्यानं बाणानं जोडायचं. फळा भरला की काही बाण फिरून निघाल्या जागी परत आलेले दिसतात. मुलं घटली म्हणून शिक्षक घटले, शिक्षक घटले म्हणून शिकवणं कच्चं, म्हणून मुलं आणखी घटली. अशी चक्रं लाल खडूनं गिरवा आणि जोर तिथंच लावा. बाकीच्या बाणांवर वाद घालायला लोकांना फार आवडतं, पण तो वेळ फुकट जातो.

मग विचारा, त्याच वस्तीत, तेवढ्याच मिळकतीत हा प्रश्न कुणाच्या घरी नाही? 1990 च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन व्हिएतनाममध्ये कुपोषणावर काम करत होते. त्यांनी गरीब घरांतली धडधाकट मुलं शोधली. त्यांच्या आया भातशेतातली बारीक कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. बाकीच्यांच्या मते ते लहान मुलांना देण्यासारखं नव्हतं. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टर्निन यांनी व्याख्यानं दिली नाहीत. आयांनी तेच जिन्नस स्वतः गोळा करून आणायचे आणि एकत्र बसून रांधायचे, असं ठरलं. तुम्हीही अशा घरी नुसती मुलाखत घेऊन परतू नका, ती माणसं काय करतात ते बघा. अनेकदा त्यांना स्वतःलाच त्यात वेगळं काही वाटत नसतं. मात्र बाहेरून पैसा येत असेल, तर ते घर यादीतून काढा.

उपाय आधी छोट्या जागी करा आणि कधी थांबायचं ते सुरुवातीलाच लिहून ठेवा. नियोजनाचे अभ्यासक रिटेल आणि वेबर यांनी 1973 मध्येच बजावलं होतं की अशा प्रश्नांत केलेला उपाय पुसता येत नाही, त्याच्या खुणा राहतात.

राहिलं मोजमाप, म्हणजे उपाय लागू पडतोय का ते कशावरून ठरवायचं. 1902 मध्ये व्हिएतनाममधल्या हनोईत फ्रेंच प्रशासनानं उंदीर मारले जावेत म्हणून दर शेपटीमागे बक्षीस लावलं. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देऊ लागले, काहींनी तर उंदीर पाळले. म्हणून माप ठरवण्याआधी बैठकीतल्या सगळ्यात चलाख माणसाला विचारा, "यात लबाडी कशी करशील?" उत्तर चटकन आलं, तर दुसरं माप शोधा.