स्लिप मोजा, मोटारीवरचा खरा भार कळेल

"मोटार तापते, दहाच्या जागी पंधरा एचपीची बसवू का?" गिरणीवाले हे विचारत माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात येतात. मी आधी एकच विचारतो, पूर्ण दळण चालू असताना मोटार किती आरपीएमने फिरते? बहुतेकांनी ते मोजलेलंच नसतं. टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमटा धरून करंट दाखवणाऱ्या मीटरवर) अँपिअर बघितले की झालं, अशी समजूत. पण गिरणीतली ही इंडक्शन मोटार नुसत्या रिकाम्या फिरण्यालाच पूर्ण भाराच्या तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त करंट घेते, त्यामुळे अँपिअरवरून भाराचा अंदाज हमखास चुकतो. स्लिप, म्हणजे मोटारीतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर (आतला फिरणारा भाग) जितका पडतो तो फरक, जास्त खरं बोलते.

आपण एक मोटार धरू. नेमप्लेटवर ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम. म्हणजे चार पोलची, चार चुंबकीय ध्रुवांची. स्टेटरचं (बाहेरच्या स्थिर, गुंडाळीच्या भागाचं) चुंबकीय क्षेत्र ज्या वेगाने फिरतं तो सिंक्रोनस वेग: १२० × फ्रिक्वेन्सी ÷ पोल, इथे १५००. रोटर त्याच्या ६० फेरे मागे, म्हणून पूर्ण भारावर स्लिप ४ टक्के. हे ७.५ किलोवॅट शाफ्टवर मिळणारे आहेत, तारेतून ओढले जाणारे नव्हेत.

आता प्रत्यक्ष मोजणी. मोटार निदान अर्धा तास भारावर चालू द्या, कारण रोटर गरम झाला की स्लिप वाढते. पुलीवर चमकती पट्टी लावून लेसर टॅकोमीटर धरा. आणि त्याच वेळी, अगदी त्याच मिनिटाला, फ्रिक्वेन्सीही मोजा. हा मुद्दा मी पुन्हापुन्हा सांगतो. समजा वेग आला १४५२ आणि फ्रिक्वेन्सी ४९.९. तर सिंक्रोनस वेग १४९७, स्लिप ४५ फेरे, म्हणजे ३ टक्के. डोळे झाकून १५०० धरले असते तर ४८ फेरे आले असते. तीन फेऱ्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण ४५ मध्ये तो जवळपास सात टक्के होतो.

टॅकोमीटर नसेल तर चोकवाली जुनी ट्यूबलाइट कामाला येते. ती सेकंदाला शंभर वेळा चमकते. मोटार बंद करून, मेन स्विच काढून, पुलीच्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत खडूची एक ठळक रेघ ओढा. मोटार चालू करून बाकी दिवे घालवा. चार पोलच्या मोटारीत त्या एका रेघेचा चार पात्यांचा क्रॉस दिसतो, आणि तो हळूहळू उलटा सरकतो. हे सरकणं म्हणजेच स्लिप. एका ठिकाणी नजर ठेवून ३० सेकंदांत किती पाती गेली ते मोजा आणि दोनाने भागा. ९० पाती, म्हणजे ४५ आरपीएम. दिवा आणि मोटार एकाच लाइनवर असल्याने फ्रिक्वेन्सीची चूक इथे आपोआप टळते. फक्त एक लक्षात असू द्या: या उजेडात फिरती पुली थांबल्यासारखी भासते. हात, पदर, उपरणं लांब ठेवा.

भार काढताना व्होल्टेजची दुरुस्ती करायचीच, कारण त्याच भारावर स्लिप व्होल्टेजच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते. टर्मिनलवर ४१० व्होल्ट असतील तर पूर्ण भाराची स्लिप ६० × (४१५ ÷ ४१०)² = ६१.५. मग ४५ ÷ ६१.५, म्हणजे ७३ टक्के भार, साधारण साडेपाच किलोवॅट. नेमप्लेटच्या स्लिपमध्येच २० टक्के कमीजास्त चालतं असं प्रमाणक सांगतं, म्हणून हा आकडा पडताळून घ्यावा.

पडताळा मीटरवरून. बाकी सगळं बंद ठेवा आणि मीटरच्या लाल दिव्याची उघडझाप मोजा. मीटरवर युनिटला ८०० इम्पल्स लिहिलेत आणि मिनिटात ८५ झाल्या, तर ८५ × ३६०० ÷ (८०० × ६०) = ६.३७५ किलोवॅट आत जातायत. करंट ११.२ अँपिअर आहे असं धरू. मोटार बंद करून, सप्लाय पूर्ण तोडून, गरम असतानाच दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स घ्या. मीटरच्या वायरींचा वजा करून १.१ ओहम आला. स्टेटरच्या तांब्यातला लॉस १.५ × ११.२² × १.१ = २०७ वॅट. स्टार असो वा डेल्टा, हेच सूत्र चालतं. पट्टा काढून रिकामी मोटार ३५० वॅट आणि ५.५ अँपिअर घेत असेल, तर त्यातले ५० तांब्याचे. उरलेल्या ३०० पैकी मी २०० लोखंडाच्या गाभ्यातल्या लॉसचे आणि १०० बेअरिंग-पंख्याचे धरतो.

६३७५ मधून २०७ आणि २०० गेले, ५९६८ वॅट एअर गॅप (स्टेटर आणि रोटरमधली फट) ओलांडून रोटरकडे पोचले. स्लिपचा खरा अर्थ इथे कळतो: यातले बरोबर ३ टक्के, १७९ वॅट, रोटरच्या दांड्यांत उष्णता होऊन जातात. उरले ५७८९. त्यातून १०० घर्षणाचे आणि साठेक इतर किरकोळ वजा करा, शाफ्टवर सुमारे ५६३० वॅट. म्हणजे ७५ टक्के भार, एफिशिअन्सी ८८ टक्के. स्लिपवरून आलेले ७३ याच्या शेजारीच बसतात. "स्लिप ३, म्हणजे एफिशिअन्सी ९७" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो हिशेब फक्त रोटरपुरता आहे.

एवढ्या भारावर मोटार तापत असेल तर पंधरा एचपीला पैसे घालू नका. आधी बॉडीच्या पंखांत साचलेलं पीठ साफ करा, मग तिन्ही फेजचे व्होल्टेज सारखे आहेत का बघा. तरीही त्याच भारावर स्लिप महिन्यागणिक वाढत गेली, आणि काट्याच्या टाँग टेस्टरची सुई सेकंदाला तीनेक वेळा, म्हणजे स्लिप फ्रिक्वेन्सीच्या दुपटीने थरथरू लागली, तर रोटरची दांडी तुटल्याचा संशय घ्या. तेव्हा स्टेटर कितीही चांगला रिवाइंड करून घेतला तरी फरक पडणार नाही. रोटर बाहेर काढून तपासावाच लागेल.