विंडोज १० असलेल्या जुन्या कॉम्प्युटरचे आता काय करावे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपवला, म्हणजे त्यासाठी नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या (अपडेट) देणे थांबवले. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, आणि घोळ इथेच होतो. म्हापशातल्या हार्डवेअरच्या दुकानात बिले निघत राहिली, फोंड्यातल्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या जात राहिल्या, देवस्थान समितीच्या कार्यालयात महाजनांच्या याद्या त्याच मशीनवर उघडत राहिल्या. काही बदललेले दिसत नाही म्हणून कुणी काहीच करत नाही, तर कुणी दुकानदार म्हणतो म्हणून लगेच नवा लॅपटॉप घेतो. खरे तर निर्णय एकाच प्रश्नावर घ्यायचा आहे: या मशीनवर नेमके कोणते काम होते?

‘अँटीव्हायरस आहे ना, मग भीती कसली?’ असे सर्रास विचारले जाते. अँटीव्हायरस ओळखीची घातक फाईल अडवतो. पण भोक विंडोजमध्येच असेल तर ते बुजवणे त्याच्या हातात नसते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस आठवा. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केले नव्हते त्यांच्या फाईली कुलूपबंद झाल्या. विंडोज १० वर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजमधल्याच अँटीव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

आधी मशीन ओळखा

सेटिंग्ज, सिस्टम, अबाऊट असे जा. इथे तीन गोष्टी कागदावर उतरवा: प्रोसेसरचे नाव, रॅम आणि विंडोजची आवृत्ती. आवृत्ती २२एच२ हवी. नसेल तर आधी विंडोज अपडेटमधून ती घ्या.

इंटेल प्रोसेसरच्या नावातला आडव्या रेघेनंतरच्या आकड्याची सुरुवात पिढी सांगते. आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची लागते. एएमडी रायझनमध्ये २००० मालिकेपासून पुढचे बहुतेक चालतात. त्याशिवाय किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (भरवशाच्या प्रणालीवरूनच मशीन सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन हे सगळे तपासून देते.

हे साधन ‘टीपीएम नाही’ म्हणाले तरी लगेच हार मानू नका. सुटे भाग जुळवून बनवलेल्या डेस्कटॉपमध्ये ती सोय बऱ्याचदा असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिचे नाव ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’. पण बायोसला हात लावण्याआधी डिस्क एन्क्रिप्ट झालेली (सांकेतिक कुलपात) आहे का ते बघा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाच्या नकळत चालू झालेले असते. अशा मशीनच्या बायोसमध्ये बदल केला की पुढच्या वेळी ते ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की (या कुलपाची किल्ली) मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, उपकरणांच्या यादीत मिळते. आधी ती कागदावर लिहा आणि एकेक आकडा पुन्हा ताडून बघा. की हरवली तर डिस्कवरचा डेटा कोणताही तंत्रज्ञ परत आणू शकत नाही.

मग बॅकअप, आणि तो उघडून बघणे

पुढची कोणतीही वाट धरायची असली तरी ही पायरी टाळता येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘डेस्कटॉप’, ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर तिच्यावर उतरवा. लोक अडकतात ते यापुढच्या गोष्टींवर. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. तो कुठे आहे ते टॅली उघडून बघा आणि टॅलीच्या स्वतःच्या बॅकअपनेही एक प्रत काढा. डीटीपीचे (छपाईसाठी पाने जुळवण्याचे) काम असेल तर जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वेगळे जपून ठेवा. ते नसतील तर दहा वर्षांपूर्वीची अहवालाची फाईल उघडते खरी, पण आत सगळी विचित्र चिन्हे दिसतात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड निर्यात करा. ती पासवर्डची फाईल उघड्या मजकुरात असते, म्हणून नव्या ठिकाणी भरून झाल्यावर ती पुसून टाका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाईली खरोखर उघडून बघा. नंतर डिस्क काढून ठेवा. ती सतत जोडलेली राहिली तर फाईली कुलूपबंद करणारा व्हायरस तिच्यावरही पोहोचतो. गोव्याच्या पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि दुसरी प्रत शक्यतो दुसऱ्या घरात असू द्या.

आठवी पिढी किंवा पुढची असेल तर

हा सोपा भाग आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये विंडोज ११ मोफत दिसते, ते घ्या. मूळ परवाना असलेल्या मशीनवर यासाठी कुणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. ४ जीबी रॅमवर ते कागदोपत्री चालते, प्रत्यक्षात ८ जीबी घाला. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी बसवा. मशीन जिवंत झाल्यासारखे वाटते ते याच बदलाने.

पिढी जुनी असताना पात्रतेची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारेही आहेत. ते चालते, पण मोठी वार्षिक अपडेट अशा मशीनला आपोआप येत नाहीत. २०२४ च्या आवृत्तीपासून तर फारच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. ज्या मशीनवर जीएसटी भरता, ते अशा भरवशावर ठेवू नका.

‘फुल्ल ऍक्टिव्हेट करून देतो, तीनशे रुपये द्या’ हा प्रस्ताव तर सरळ नाकारा. त्यासाठी वापरले जाणारे साधन चालवायला बऱ्याचदा आधी डिफेंडर बंद करावा लागतो. सुरक्षेसाठी म्हणून नवे विंडोज घालायचे आणि पहिल्याच पायरीला पहारेकरी घरी पाठवायचा, याला काही अर्थ नाही.

मुदतवाढ हवी असेल तर

मशीन पात्र नाही, पण टॅली किंवा डिजिटल सहीचे टोकन विंडोजवरच चालते, अशांसाठी मायक्रोसॉफ्टची ‘ईएसयू’ ही वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती ग्राहकांसाठी तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्याच पानावर होते. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात सिंक केल्या तर ती मोफत आहे, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड गुण किंवा ३० डॉलर. एका खात्यावर १० कॉम्प्युटर नोंदवता येतात.

नोंदणीचा दुवा दिसत नसेल तर कारण बहुधा यांपैकी असते: आवृत्ती २२एच२ नाही, जुनी अपडेट अडकली आहेत, किंवा तुम्ही ऍडमिनिस्ट्रेटर नसलेल्या खात्यातून बघत आहात. कार्यालयाच्या डोमेनला (सामायिक नेटवर्क-व्यवस्थेला) जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना लागूच नाही. मोफत नोंदणी करताना फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा, फक्त सेटिंग्ज सिंक होऊ द्या. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर मोफत जागा ५ जीबीच आहे. फोटोंनी ती भरली की जागा विकत घेण्याच्या सूचना सुरू होतात, आणि घाबरून लोक पैसे भरतात.

टीपीएम आणि सिक्युअर बूटने सुरक्षा खरोखर वाढते, हे मान्य आहे. पण उत्तम चालणारी सातव्या पिढीची मशीन सरसकट बाहेर काढणे आणि मोफत अपडेटसाठी खाते उघडायला लावणे हे ग्राहकाच्या हिताचे नाही. कॉम्प्युटरच्या खोक्यावर जशी किंमत छापतात, तशी अपडेट मिळण्याची शेवटची तारीखही छापली पाहिजे.

छापखाना आणि जुनी सॉफ्टवेअर: जाळे तोडा

डाँगलवर (परवान्यासाठी जोडून ठेवावा लागणाऱ्या छोट्या उपकरणावर) चालणारे जुने डीटीपी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर रडते आणि लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर) चालतच नाही. अशा मशीनची लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, वायफायचा पासवर्डही ‘फरगेट’ करा. ईमेल, व्हॉट्सऍप, बँक हे सगळे दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या मशीनवर करा. गिऱ्हाईकाने आणलेला पेन ड्राइव्ह आधी त्या दुसऱ्या मशीनवर तपासा आणि मगच फाईल इकडे आणा. अशा रीतीने ते मशीन आणखी काही वर्षे बिनघोर चालू शकते.

बाकी सर्वांसाठी: लिनक्स मिंट

ज्या घरात कॉम्प्युटरचा उपयोग ब्राउझर, पत्रे, तक्ते, व्हिडिओ आणि मुलांचा अभ्यास एवढाच आहे, तिथे हीच वाट योग्य. मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती मोफत आहे, तिच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, आणि मांडणी विंडोजच्या जवळची असल्याने घरातले ज्येष्ठही चार-आठ दिवसांत रुळतात. रॅम ४ जीबी असली तर काम भागते.

१. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘सिनॅमन’ आवृत्तीची फाईल उतरवा. ती सुमारे ३ जीबीची आहे. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे.

२. विंडोजवर ‘रूफस’ किंवा ‘बॅलेना एचर’ने ती फाईल पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही, मशीन तिच्यावरून सुरू होत नाही.

३. मशीन सुरू होताना बूट मेनूची (मशीन कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो.

४. इन्स्टॉल करण्याची घाई करू नका. पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालते, त्यात वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तपासा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र त्रास देतो. त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि तरीही तो मधूनच अडतो. तो प्रिंटर रोज लागत असेल तर इथेच थांबून पुन्हा विचार करा.

५. सगळे जमले तर ‘इन्स्टॉल’ चालवा. दोन्ही प्रणाली हव्या असतील तर त्याआधी विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मिंटमधून त्या भागातल्या फाईली वाचता येतात पण बदलता येत नाहीत. फक्त मिंट हवे असेल तर ‘इरेज डिस्क’ निवडा, अर्थात बॅकअप उघडून बघितलेला असेल तरच.

६. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर ठेवलेले असते, ते ‘एएचसीआय’ करावे लागते. या बदलानंतर जुने विंडोज सुरू होईनासे होऊ शकते, म्हणून विंडोज ठेवायचे असल्यास हे जाणकाराकडून करून घ्या.

बसवून झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवा आणि ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. काही बिघडले तर कालच्या स्थितीवर परतता येते. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळते, तुमचे फोटो नाही, हे ध्यानात ठेवा. मराठीसाठी कीबोर्डच्या मांडणीत ‘मराठी इनस्क्रिप्ट’ जोडा, आणि रोमन अक्षरांच्या अंगाने टंकायची सवय असेल तर ‘मराठी कगप’. लिब्रे ऑफिसच्या पर्यायांत भाषेखाली ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून मराठी आणि एक देवनागरी फॉन्ट निवडा. नाहीतर फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर आहे तसाच राहतो.

पावसाळ्याची खबरदारी

जून ते सप्टेंबर या काळात हे काम करायचे तर यूपीएस जोडल्याशिवाय सुरू करू नका. डिस्कची वाटणी (पार्टिशन) चालू असताना वीज गेली तर फाईलींची रचनाच तुटते. लॅपटॉपची बॅटरी निदान अर्धी भरलेली हवी. विजा कडाडत असतील तर नुसते बटण बंद करणे पुरत नाही, प्लग आणि राउटरची केबल दोन्ही काढा.

बरेच दिवस बंद राहिलेला डेस्कटॉप सुरू केला आणि प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगू लागले, तर व्हायरस आला असे समजू नका. आधी तारीख बघा. बोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली की घड्याळ जुन्या वर्षात जाते, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेशी जुळत नाहीत. ती बॅटरी बदलली की हे ठीक होते. पडदा काळाच राहिला आणि बीपचे आवाज आले, तर वीज तोडून रॅम काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो.

शेवटी मशीन काढूनच टाकायचे ठरले तर

फाईली डिलीट करणे किंवा नुसते फॉरमॅट करणे पुरत नाही, त्या परत काढता येतात. विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि सेटिंग्ज बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करा. याला काही तास लागतात. मशीन सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी स्क्रू काढून स्वतःकडे ठेवा आणि उरलेला सांगाडा द्या. तो भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे सोपवा, कारण बोर्डमध्ये शिसे असू शकते आणि लॅपटॉपची बॅटरी ठेचली गेली तर पेट घेऊ शकते. ती बॅटरी आधीच फुगलेली दिसली तर लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, आणि देताना ती फुगल्याचे स्पष्ट सांगा.