खाडीकाठच्या वनस्पतींची नावं लिहिताना या चुका टाळा

"खाडीच्या कडेला खारफुटीचं एक झाड उभं होतं." हे वाक्य वाचलं की कळतं, लिहिणारा खाडीपर्यंत गेलाय, चिखलात मात्र उतरलेला नाही. खारफुटी हे झाडाचं नाव नव्हेच. भरतीचं खारं पाणी सोसणाऱ्या, वेगवेगळ्या कुळांतल्या झाडाझुडपांचं ते सामायिक नाव आहे. "फळबागेचं एक झाड" असं कोणी लिहीत नाही, मग हे का?

तिवर, कांदळ, चिप्पी: एकाच झाडाची तीन नावं समजणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

गोंधळाचं मूळ बोलीत आहे. मुंबई-ठाण्याकडे खाडीतल्या झाडीला सरसकट "तिवरं" म्हणतात, कारण तिथे तिवरच जास्त. दक्षिण कोकणात त्याच अर्थाने "कांदळ" चालतं. राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये कक्ष काढला त्याचंही नाव "कांदळवन कक्ष". बोलताना यात काहीच वावगं नाही. अडचण येते ती यादी करताना, कारण यादीत तिवर म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया, कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा आणि चिप्पी म्हणजे सोनेरॅशिया. तिघांत भाऊबंदकीही नाही, कुळंच वेगळी आहेत.

लागवडीची यादी घ्या. कोणीतरी लिहितो, "तिवर, शेंगा ५००." तिवराला शेंग नसते. त्याचं फळ बदामाएवढं, चपटं. पाण्यात पडलं की एक-दोन दिवसांत वरची साल सुटते आणि आत घडी घातलेल्या हिरव्या दली, म्हणजे बियातली पहिली पानं, दिसतात. ते पिशवीतल्या चिखलावर नुसतं टेकवायचं असतं, खोल खुपसलं की कुजतं. "शेंग" असते ती कांदळाची: वीतभर ते दीड-दोन फूट लांब, हिरवी, काठीसारखी. खरं तर तीही शेंग नव्हे. झाडावरच बी रुजून खाली लोंबणारं ते रोप असतं. टोकदार बाजू खाली धरून साधारण एक तृतीयांश चिखलात रोवलं की झालं.

आता यादी वाचणारा माणूस "शेंगा" हा शब्द बघतो आणि कांदळाच्या शेंगा गोळा करून आणतो. जागा मात्र तिवरासाठी निवडलेली असते, म्हणजे फक्त उधाणाच्या भरतीला पाणी चढतं अशी उंच, मीठ साचलेली. तिवर तिथे तगतं, त्याच्या पानांतून मीठ बाहेर पडतं. कांदळाला रोजची भरती लागते. उन्हाळा लागेपर्यंत काठ्या वाळतात आणि अहवालात कारण पडतं, "रोपं निकृष्ट होती." रोपं उत्तम होती हो, शब्द निकृष्ट होता.

ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही, ओहोटीला खाली बघावं लागतं. झाडाभोवती पेन्सिलीसारखी बारीक मुळं चिखलातून वर आलेली असतील तर तिवर. तीच जाड, बुंध्याशी रुंद आणि वर निमुळती असतील तर चिप्पी. खोडातूनच कमानीसारखी मुळं उतरून झाड तिवईवर उभं असल्यासारखं वाटलं तर कांदळ. मुळं गुडघा मोडल्यासारखी वर येऊन परत चिखलात शिरत असतील तर झुंबर हे चौथंच झाड. मग पान बघा. कांदळाच्या पानाच्या टोकाला बारीक काटेरी अणी असते. तिवराचं पान खालून पांढुरकं, आणि पानं समोरासमोर. मी या क्रमानेच जातो, आधी मूळ, मग पान, फुलं शेवटी. मोबाईलच्या अ‍ॅपवर विसंबणारे बरोबर उलटं करतात. पानाचा एक फोटो काढतात, पहिलं उत्तर उचलतात आणि मूळ बघायला वाकतही नाहीत.

यातच एक पोटचूक आहे. कॅन्डेलिया हे शास्त्रीय नाव वाचून "हेच आपलं कांदळ" असं ठरवू नका. हा शब्द मलबारातल्या "कंडेल" वरून आला. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेल्या "हॉर्टस मलबारिकस" या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ही नावं नोंदली गेली आणि पुढे शास्त्रीय नावांत शिरली. कॅन्डेलिया हे वेगळंच झाड आहे, त्याच्या पानाला ती अणी नसते. त्यातही चीन-जपानकडच्या झाडांना २००३ पासून कॅन्डेलिया ओबोव्हाटा हे स्वतंत्र नाव आहे, त्यामुळे तिकडच्या जुन्या लेखातलं वर्णन इकडे चिकटवू नये.

तिवराचा आणखी एक पेच म्हणजे काही जुन्या याद्यांत तिवर, निवर ही नावं बॅरिंगटोनियाला दिलेली आहेत. ते गोड्या पाण्याच्या काठचं, लाल तुऱ्यांच्या लोंबत्या माळा असणारं झाड. "तिवर, फुलं लाल" अशी नोंद दिसली तर ती खाडीतली नाही.

आणि चिप्पी लिहाल तर कोणती ते लिहा. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली ती पांढरी चिप्पी, सोनेरॅशिया अल्बा. सोनेरॅशिया अपेटाला ही तिची बहीण, झुकत्या फांद्यांची आणि अरुंद पानांची. तिला तो मान नाही.

"समुद्र" दिसला की किनाऱ्यावरची वनस्पती मानणं

समुद्रशोक ही मोठ्या, खालून रुपेरी पानांची वेल आहे, जमिनीवरची. समुद्रफळ म्हणजे वर आलेलं बॅरिंगटोनिया. दर्याचा नारळ सेशेल्स बेटांवरच्या माडाचा, आपल्या किनाऱ्यावर तो उगवत नाही. समुद्रफेस तर वनस्पतीच नाही, माकुलाच्या जातीच्या प्राण्याच्या अंगातलं ते कवच आहे. वनस्पतींच्या यादीत तो घुसवणारे कमी नाहीत.

उलट मर्यादवेलीच्या नावात समुद्र नाही आणि ती पक्की समुद्राची आहे. भरतीच्या रेषेच्या वर वाळूवर पसरते, म्हणजे समुद्राची मर्यादा दाखवते. पान टोकाशी दुभंगलेलं, शेळीच्या खुरासारखं. शास्त्रीय नावातही शेळीचं पाऊलच आहे.

शेवाळ, शैवाल, शेवाळी, शैवाक

एका अक्षराच्या फरकाने वनस्पतीचा गट बदलतो. शेवाळ हा बोलीतला शब्द, फरशीवर निसरडं हिरवं जे काही येतं ते सगळं. लेखात तो वापरायचा तर वापरा, पण नेमकेपणाची अपेक्षा ठेवू नका. शैवाल म्हणजे ज्यांना खरी मुळं, खोड, पानं नसतात ते. समुद्रातली मोठी शैवालं यातलीच. शेवाळी हा हरितांचा, म्हणजे ओलसर भिंतीवरच्या मखमली वनस्पतींचा गट. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. मसाल्यातलं दगडफूल हे शैवाक आहे. "दगडफूल नावाचं समुद्री शेवाळ" असं लिहिलेलं वाचलं की कपाळाला हात लावावा लागतो.

यात सागरी गवत मिसळू नका. ते फुलणारं झाड आहे, समुद्रात परत गेलेलं. उपटून बघायची गरज नाही, लाटेने वाहून आलेला तुकडा पुरतो. आडवं, पेरं असलेलं खोड, पेऱ्यांना मुळं आणि पानात शिरा असतील तर गवत. शैवाल खडकाला नुसत्या एका पकडीने चिकटलेलं असतं. फसवतं ते कॉलर्पा नावाचं शैवाल. वाळूवर आडवं धावतं, मुळांसारखे धागे सोडतं, नेच्यासारखी पातीही काढतं. पण पातीत शिरा नाहीत, तिथे ते उघडं पडतं.

रंगावरून गट ठरवणं

लाल शैवाल उन्हात विटून हिरवट, पिवळट होतं. तपकिरी म्हणवणारं सरगॅसम कधी कधी सोनेरी दिसतं. शंका आलीच तर तपकिरी वाटणारा तुकडा उकळत्या पाण्यात बुडवा. तपकिरी शैवाल काही सेकंदांत हिरवं होतं. लाल शैवालही उष्णतेने हिरवट होऊ शकतं, म्हणून त्याच नमुन्याचा एक तुकडा आधी साध्या गोड्या पाण्यात रात्रभर ठेवावा. पाणी गुलाबी झालं तर ते लाल. सरगॅसमवरचे गोल मणी फळं नव्हेत, हवेच्या पिशव्या आहेत. दाबल्या की फुटतात.

अगर आणि अगर

चायना ग्रास हे गवत नाही, लाल शैवालातून काढलेलं अगर-अगर आहे. हा शब्द मलाय भाषेतला. अगरबत्तीतला अगर म्हणजे अगरू, झाडाचं सुगंधी लाकूड. दोघांचा काडीचा संबंध नाही. त्यात चायना ग्रास हे नाव रॅमी या धाग्याच्या झुडपालाही आहे, म्हणून "चायना ग्रासचं कापड" वाचून गोंधळू नका.

खाडीतल्या गेवा या झाडाच्या शास्त्रीय नावात, एक्सोकेरिया अ‍ॅगॅलोचा, अगरूचाच शब्द बसलाय. चूक जुनी आहे. गेव्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. नावाचा पहिला शब्दही आंधळं करण्यावरूनच आलाय. म्हणून काजळा हे खाडीतलंच दुसरं झाड समजून गेव्याची फांदी मोडू नये. काजळ्याच्या पानावर मिठाचे कण दिसतात आणि फळ शिंगासारखं वाकडं असतं. गेव्याची पानं गळण्याआधी लाल होतात.

सुरूला पाइन म्हणणं

सुया वाटतात त्या हिरव्या काड्या आहेत. एक काडी सांध्यावर ओढून तोडा, सांध्याभोवती बारीक खवल्यांचं कडं दिसेल, सहा ते आठ खवले. तीच पानं. फारसीत "सुरू"चा मूळ शब्द सायप्रससाठी आहे, त्यामुळे जुन्या काव्यातला सुरू हा किनाऱ्यावरचा सुरू नव्हे.

भेंडी

किनाऱ्यावरची भेंडी झाड असते, पिवळी फुलं कोमेजताना लालसर होतात. भाजीचा तिच्याशी संबंध कुळापुरता.

जुनं नाव खोडून नवं लिहिणं

एन्टेरोमॉर्फा हे हिरवं शैवाल २००३ मध्ये उल्वा या प्रजातीत गेलं. कोकणातल्या खडकांवर पावसाळ्यात येणारं लाल शैवाल पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस २०११ मध्ये पायरोपिया झालं, २०२० मध्ये फायकोकॅलिडिया. व्यापारी मात्र कॅपाफायकस अल्वारेझी या लाल शैवालाला अजून "कॉटोनी" म्हणतात, जुन्या युक्युमा नावावरून. जुनी यादी उतरवताना मूळ नाव तसंच ठेवा, नवं शेजारी लिहा. खोडलं तर उद्या कोणालाही पडताळता येणार नाही.

नाव विचारताना उत्तर तोंडात घालणं

"याला तिवरच म्हणतात ना?" असं विचारलं तर समोरचा "हो" म्हणतो, पाहुण्याचं मन मोडायचं नसतं. फांदी दाखवून "याला काय म्हणता?" एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. फोटो दाखवू नये, फोटोत मूळ नसतं. उच्चार जसा कानावर पडेल तसा लिहावा. "झुंबर" ऐकलं आणि छापील यादीत "झुंबरी" असेल तर झुंबरच लिहायचं. नावाशेजारी गाव, तारीख आणि सांगणारा मासे धरतो की मीठ पिकवतो तेही टाकावं, कारण एकाच गावात दोघांची नावं वेगळी निघतात. कोणी "रानटी झाड आहे, नाव नाय" म्हणालं तर रकाना कोरा ठेवून शेजारी तेच शब्द उतरवावेत.